फ्रांस्वा बर्नियर : पाहिलेले आणि ऐकलेले

बी.एड.च्या वर्षात शिक्षणाच्या इतिहासाचा एक पेपर असतो. प्राचीन काळ, मध्ययुगीन काळ, इंग्रजी अंमल अशी त्याची प्रकरणे. मध्ययुगीन शिक्षणावरचे प्रकरण गाइडमध्ये चार-पाच पानांत आटोपलेले होते. मक्तब म्हणजे काय, मदरसा म्हणजे काय, गुण कोणते, दोष कोणते. दोषांची यादी संपली की शेवटी पुरावा म्हणून एक हकिकत दिलेली असे. औरंगजेब तख्तावर बसल्यावर त्याचे जुने उस्ताद बक्षिसाच्या आशेने दरबारात आले आणि बादशहाने त्यांना भरभरून सुनावले, की तुम्ही माझी उमेदीची वर्षे अरबी व्याकरणात आणि शब्दांच्या कसरतीत वाया घालवलीत; जगाचा भूगोल, राज्यांचा इतिहास, युद्धकला यांतले काहीच शिकवले नाहीत; आणि जे शिकवलेत ते मातृभाषेत शिकवता आले नसते काय?

वर्गात हा भाग वाचला गेला तेव्हा काही नजरा आमच्याकडे वळल्या होत्या. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेलो आणि उर्दू माध्यमातच शिकवायला जाणार. त्यामुळे हा टोला जणू आमच्याच पाठीवर बसला. उत्तर सुचले नाही म्हणून गप्प बसलो. परीक्षेत मात्र तीच हकिकत लिहून गुण मिळवले. त्या गुणांची टोचणी मनात राहिली. पुढे शाळेत नोकरी लागल्यावर, मूळ पुस्तक काढून वाचायचेच असे ठरवले. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

ही हकिकत सांगणारा माणूस म्हणजे फ्रांस्वा बर्नियर. गाइडमध्ये त्याचे नाव कंसात, बारीक अक्षरात होते. तो कोण, दिल्लीत काय करत होता आणि बादशहाचे हे खाजगी बोलणे त्याच्या कानावर कसे गेले, याबद्दल एक ओळही नव्हती. आमच्या मते सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बर्नियरचा जन्म 1620 मध्ये फ्रान्सच्या आंजू प्रांतातला. घर शेतकऱ्याचे. आईबापांचे छत्र लहानपणीच गेले आणि पाद्री असलेल्या चुलत्याने त्याला वाढवले. पुढे पॅरिसमध्ये तो गासांदी या तत्त्वज्ञाचा शिष्य झाला. गासांदी हा ॲरिस्टॉटलच्या नावाने चाललेल्या पोथीबंद विद्येचा कडवा टीकाकार होता. डोळ्यांनी पाहावे, मोजावे, तपासावे आणि मग बोलावे ही त्याची शिकवण. 1652 मध्ये बर्नियरने माँपेलिए येथे तीन महिन्यांच्या झटपट अभ्यासावर वैद्यकीची पदवी घेतली. या पदवीवर फ्रान्समध्ये धंदा करण्याची मुभा नव्हती, परदेशात होती. 1655 मध्ये गुरू वारले आणि पुढच्याच वर्षी हा शिष्य पूर्वेकडे निघाला. पॅलेस्टाइन झाले, इजिप्त झाले, तिथे प्लेगने गाठले, त्यातूनही वाचला. जायचे होते हबशांच्या देशात. पण तिथे कॅथलिकांची धडगत नाही असे तांबड्या समुद्राच्या काठी कळले आणि सुरतेला निघालेल्या जहाजावर तो चढला. म्हणजे ज्या माणसाच्या पुस्तकाने पुढे तीन शतके युरोपला हिंदुस्थान सांगितला, तो इथे आला तो वाट बदलल्यामुळे.

तो सुरतेला उतरला तेव्हा शहाजहानच्या चार मुलांमधली लढाई बहुतेक संपत आली होती. हे नीट ध्यानात ठेवले पाहिजे. बर्नियरचा गाजलेला ग्रंथ 1670 आणि 1671 मध्ये पॅरिसला चार भागांत छापला गेला. त्याचा पहिला भाग याच वारसायुद्धाचा इतिहास आहे. परंतु मे 1658 मधली सामूगढची लढाई झाली तेव्हा बर्नियर तिथे नव्हता. हत्तीवरून उतरण्याची दाराची चूक, मुरादचे शौर्य, औरंगजेबाचा निश्चय हे सर्व तो इतक्या रंगतीने सांगतो की वाचणाऱ्याला तो शेजारीच उभा होता असे वाटावे. प्रत्यक्षात ती ऐकीव माहिती आहे.

त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर जे घडले ते मात्र वेगळ्याच तोलाचे आहे. मार्च 1659 मध्ये अजमेरजवळ हरलेला दारा शुकोह अहमदाबादकडे पळत होता, तेव्हा त्याची आणि बर्नियरची रस्त्यात गाठ पडली. दाराच्या बेगमच्या पायाला धावरे झाले होते आणि जवळ हकीम नव्हता. दाराने या फिरंगी वैद्याला जबरीने बरोबर घेतले. थोड्याच दिवसांत अहमदाबादचे दरवाजे बंद असल्याची खबर आली. जनान्यातून आक्रोश उठला. ज्याच्या नावाने काल खुतबा पढला जाण्याची गोष्ट होती त्याला वैद्याच्या स्वारीसाठी एक जनावरही देता आले नाही. बर्नियर मागे राहिला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर दिल्लीच्या बाजारातून दाराची धिंड निघाली, तेव्हा तो घोड्यावर बसून गर्दीत उभा होता. त्याने लोकांना रडताना पाहिले. दाराला पकडून देणाऱ्या पठाणावर दगड पडताना पाहिले. आणि इतके लोक रडत असताना एकाचीही तलवार म्यानातून बाहेर आली नाही, हेही त्याने लिहून ठेवले. आमच्या वाचनात या प्रसंगाचे याहून खरे वर्णन नाही. इथे तत्त्वज्ञान नाही, सल्ला नाही. समोर जे आहे ते तो सांगतो आणि थांबतो.

यानंतरची बर्नियरची बरीच वर्षे एका माणसाच्या आश्रयाला गेली. पाठ्यपुस्तकांनी ज्याला पुरते विसरून टाकले असा हा माणूस म्हणजे दानिशमंद खान. हा मूळचा इराणातल्या यज्द शहराचा, नाव मुल्ला शफी. व्यापाराच्या निमित्ताने हिंदुस्थानात आला आणि शहाजहानच्या दरबारात विद्वत्तेच्या बळावर वर चढला. औरंगजेबाच्या काळात तो मोठा उमराव झाला. बर्नियर त्याचा पगारी चाकर होता आणि त्याला 'आगा' म्हणत असे. दरबारात दिवसातून दोनदा हजेरी लावण्याच्या रिवाजातून या खानाला त्याच्या अभ्यासासाठी आणि परराष्ट्राच्या कामासाठी सूट होती. त्याचे आवडते विषय खगोल, भूगोल आणि शरीरशास्त्र. बर्नियरने त्याच्यासाठी गासांदी आणि देकार्त यांचे लेखन फारसीत उतरवले. हार्वेने शोधलेले रक्ताभिसरण आणि पेके याने शोधलेल्या शरीरातल्या नलिका त्याला समजावून दिल्या. त्यासाठी जिवंत बकरी चिरून दाखवली, तेव्हा हजर असलेले पंडित घाबरून उठून जात. पूर्वी दाराच्या पदरी असलेला एक मोठा पंडितही या घरी नोकरीला होता. बर्नियर पंडिताकडून हिंदू शास्त्रांची मते ऐके, खान दोघांचे ऐके, आणि तिघांमधली भाषा फारसी.

वाचकहो, जरा थांबून हे चित्र डोळ्यांसमोर आणा. देकार्त 1650 मध्ये वारला. त्यानंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत दिल्लीतला एक मुसलमान उमराव तो फारसीत वाचत होता. आणि हे कोणत्या काळात? ज्या काळातली विद्या म्हणजे निव्वळ घोकंपट्टी असे आम्ही परीक्षेत लिहून आलो, त्याच काळात. हा एक खान म्हणजे सगळा समाज नव्हे, हे आम्हालाही कळते. ते फारसी अनुवाद आज कुठे हाती लागत नाहीत, त्यांच्यावर शिष्यपरंपरा उभी राहिली नाही, छापखाना नव्हता. 1670 मध्ये खान वारला आणि ती बैठकही संपली. हे दुखणे खरे आहे आणि ते झाकू नये. परंतु जिज्ञासाच नव्हती असे म्हणणे वेगळे आणि जिज्ञासा होती पण तिला संस्था मिळाली नाही असे म्हणणे वेगळे. दुसरे म्हटले की दोष कुठे शोधायचा ते कळते. पहिले म्हटले की नुसती मान खाली जाते.

आता बर्नियरच्या सर्वांत गाजलेल्या मताकडे वळू. फ्रान्सला परतल्यावर त्याने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की मोगल राज्यात जमिनीची मालकी फक्त बादशहाची. खाजगी मालकी नाही म्हणून कोणी जमिनीची निगा राखत नाही. जहागीरदार आज इथे तर उद्या तिथे, तो रयतेला पिळतो. शेत ओसाड पडते, कारागीर भिकेला लागतो, आणि मधला सुखवस्तू वर्ग इथे नाहीच. अठराव्या शतकात माँतेस्क्यूने पूर्वेकडच्या जुलमी राजवटीचा सिद्धांत उभा केला, त्यात बर्नियरच्या साक्षीचा मोठा वाटा आहे. 2 जून 1853 रोजी मार्क्सने एंगल्सला लिहिलेल्या पत्रातही हाच बर्नियर पूर्वेच्या कुलपाची किल्ली म्हणून पुढे येतो. शेतकऱ्याच्या मुलाने लिहिलेले एक पत्र दोनशे वर्षे युरोपच्या विचारात ठाण मांडून बसले!

हे मत कितपत खरे? जहागिरीच्या बदल्यांमुळे रयत भरडली जात होती, हे बर्नियरने बरोबर टिपले. इरफान हबीब यांच्या 1963 मधल्या मोगल शेतीव्यवस्थेवरील ग्रंथातही या पिळवणुकीवर भर आहे. परंतु जमिनीचे खाजगी हक्कच नव्हते हे टिकत नाही. जमीनदारी हक्कांची खरेदी-विक्री झाल्याचे फारसी दस्तऐवज आहेत. अबुल फझल शेतसाऱ्याला बादशहाने प्रजेच्या रक्षणाबद्दल घ्यावयाचा मोबदला मानतो, जमिनीचे भाडे नव्हे. आणि मराठी वाचकाला तर हे सांगायलाही नको. वतन आणि मिरास हे शब्द आपल्या घरातले आहेत. मिराशीची सतराव्या शतकातली खरेदीखते दप्तरांत पडून आहेत. मिरासदार आपली जमीन वडिलोपार्जित मानत होता, विकत होता, तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडत होता.

मग इतका चौकस माणूस चुकला कसा? एक तर त्याचे राहणे दरबारात आणि छावणीत होते. खेडे त्याने वाटेवरून पाहिले. दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. पत्र ज्याला लिहिले तो माणूस पाहा. कोल्बेर म्हणजे राजाची तिजोरी भरणारा. राजाने सर्वस्व आपल्या हाती घेतले तर देशाची माती होते, हा धडा बर्नियरला आपल्याच राज्यकर्त्याला द्यायचा होता. तो थेट देणे धोक्याचे होते. म्हणून दिल्लीचे उदाहरण हवे होते, आणि उदाहरण जितके काळे तितका धडा ठसठशीत. याचा पुरावा त्याच्याच पुस्तकात सापडतो. जगभरचे सोने-रुपे फिरून शेवटी हिंदुस्थानात येऊन मुरते असे तोच सांगतो. बंगाल इजिप्तपेक्षा सुपीक म्हणतो, दिल्लीची वस्ती पॅरिसहून फारशी कमी नाही म्हणतो, किल्ल्यातल्या कारखान्यांत जरीवाले, सोनार, चितारी यांचे काम पाहून थक्क होतो. सगळाच देश उजाड असेल तर हे वैभव आले कुठून? धडा देण्याच्या भरात त्याने आपल्याच साक्षीकडे पाठ फिरवली.

बर्नियरला खोडून काढणाराही एक फ्रेंचच निघाला. आंकेतिल द्युपेराँ 1755 ते 1761 हिंदुस्थानात राहिला. सुरतेत पारशी दस्तुरांकडे शिकला. 1778 मध्ये त्याने ग्रंथ लिहून सांगितले की पूर्वेकडे कायदा आहे, करार आहेत आणि खाजगी मालमत्ताही आहे. याच आंकेतिलने दारा शुकोहने फारसीत करविलेली उपनिषदे पुढे लॅटिनमध्ये नेली. त्याचे ऐकणारे मात्र थोडे भेटले. राज्य करायला निघालेल्यांना बर्नियरचे मत सोयीचे होते.

ऐकीव माहितीचा आणखी एक वाईट नमुना जहाँआरा बेगमविषयीचा आहे. बाप आणि लेक यांच्या नात्याबद्दलची बाजारगप्प बर्नियरने ग्रंथात घेतली. त्याच काळात दिल्लीत असलेल्या मनुचीने, जो स्वतः गप्पांचा काही कमी शौकीन नव्हता, ही बदनामी खोटी ठरवली. चिश्ती बुजुर्गांवर ग्रंथ लिहिणारी ती शहजादी आजही कित्येकांना या एका अफवेने माहीत आहे.

तरीही बर्नियरला आम्ही फेकून देणार नाही. त्याच्याजवळ एक गुण आहे जो त्याच्यानंतरच्या गोऱ्या लेखकांत विरळ होत गेला. हसायचे तर तो आधी स्वतःच्या लोकांना हसतो. दिल्लीतले ग्रहण आणि यमुनेतली स्नाने यांचे वर्णन करण्याआधी तो 1654 चे फ्रान्समधले ग्रहण आठवतो. तेव्हा त्याचे देशबांधव तळघरात दडून बसले होते आणि ग्रहणबाधेवर औषधे विकत घेत होते. ताजमहाल पाहिल्यावर त्याला वाटते की जगातल्या आश्चर्यांत इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा याचा मान मोठा. आणि लगेच शंका येते, इथे राहून आपली चव हिंदुस्थानी तर झाली नाही? नवा आलेला एक फ्रेंच व्यापारी तेच म्हणतो तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडतो. लाहोरला बारा वर्षांच्या पोरीला जबरीने चितेवर चढवलेले पाहून तो संतापाने रडतो. पण रडून थांबत नाही. दानिशमंद खानाचा एक हिंदू कारकून वारला आणि त्याची विधवा सती जायला निघाली, तेव्हा आगाच्या सांगण्यावरून तो तिच्या घरी गेला आणि मुलांची नेमणूक बंद होईल असा धाक घालून तिला परत आणले. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरत लुटली तेव्हा कापुचिन पाद्री आंब्रोज यांचे घर आणि एका दानशूर मृत दलालाचे घर राखले, ही गोष्टही तो औरंगजेबाच्या चाकरीत असलेल्या उमरावाचे मीठ खात असताना आदराने नोंदवतो. कोणाचे चांगले दिसले तर ते लिहायला त्याची लेखणी कचरत नव्हती.

आता पुन्हा त्या उस्तादाकडे. बर्नियर त्यांचे नाव मुल्ला सालेह असे देतो. ते काबूलकडे शहाजहानने दिलेल्या जमिनीवर राहत होते. शिष्य बादशहा झाल्याचे ऐकून ते दिल्लीला आले. तीन महिने त्यांना कोणी विचारले नाही. शेवटी खाजगी भेट झाली, त्या वेळी हकीमुल्मुल्क, दानिशमंद खान आणि आणखी तिघे-चौघे हजर होते. त्या यादीत बर्नियर नाही. त्याला जे कळले ते आगाकडून कळले. म्हणजे बादशहा बोलला, खानाने लक्षात ठेवले, घरी येऊन बर्नियरला सांगितले आणि बर्नियरने ते पुढे पॅरिसच्या वाचकांसाठी फ्रेंचमध्ये मांडले. इतक्या तोंडांतून आलेले भाषण गाइडवाल्याने अवतरणचिन्हात बादशहाच्या तोंडी घातले.

भाषणाचा सूरही तपासून पाहावा. पोकळ शब्दांचे तत्त्वज्ञान, मुलांची स्मरणशक्ती कुजवणारे व्याकरण, अनुभवावर न टेकलेली विद्या, ही तक्रार आम्ही आधी कुठे ऐकली? गासांदीकडे. पॅरिसच्या पाठशाळांविरुद्ध गासांदी आणि त्याची मंडळी हेच म्हणत होती, फक्त अरबीच्या जागी लॅटिन ठेवायचे. फ्रेंच वाचकाला त्या मुल्लामध्ये आपलेच पंतोजी दिसले असतील, आणि तेच बर्नियरला हवे असावे, असा आमचा तर्क आहे. शिवाय औरंगजेबाची पुढची कारकीर्द पाहा. त्याच्याच आश्रयाने 'फतावा-ए-आलमगिरी' हा प्रचंड ग्रंथ अरबीत तयार झाला. त्याची फारसी पत्रे आयतींनी आणि शेरांनी भरलेली आहेत. अरबीत आपली वर्षे फुकट गेली असे मानणाऱ्या माणसाची ही लक्षणे दिसत नाहीत. बादशहा उस्तादावर नाराज असेल, जगाचा भूगोल चुकीचा शिकवल्याचा रागही असेल. फिरंगी जहाजे समुद्रावर फिरत असताना तो राग रास्त आहे. परंतु त्या रागाला जो आकार मिळाला, त्यात पॅरिसचा हात आहे असे आम्हाला वाटते.

इथे लेख संपवता आला असता. गाइड खोटे, आम्ही सुटलो! पण असे सुटणे आम्हाला मान्य नाही. प्रश्न बादशहाने विचारला असो की गासांदीच्या शिष्याने, प्रश्न उरतोच. मुलाला त्याच्या भाषेत का शिकवत नाही? आमच्या वर्गात बसणारी मुले घरी कोणती भाषा बोलतात? कोणी दखनी, कोणी कोकणीचा मुसलमानी बाज, कोणी सरळ मराठी. पुस्तकातली उर्दू त्यांना निम्मी परकी. 'मसाहत' म्हणजे क्षेत्रफळ हे समजावताना आम्हाला घरचा शब्द शोधावा लागतो, आणि तो पुष्कळदा मराठीच असतो. त्याच मुलांना बाहेर गेल्यावर मराठी अडते म्हणून मागे राहावे लागते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे म्हटले आहे. घरची भाषा कोणती, हे मात्र आम्हालाच प्रामाणिकपणे ठरवावे लागेल. उर्दूवर आमचे प्रेम आहे. तिच्यावर प्रेम आहे म्हणूनच तिचे व्याकरण घोकून घेण्यात मुलांची वर्षे घालवणारे मुल्ला सालेह आम्हाला व्हायचे नाही.

बारावीच्या एन.सी.ई.आर.टी. इतिहासात, 2007 च्या पुस्तकात, प्रवाशांवरचे एक प्रकरण आहे. अल-बिरुनी, इब्न बतूता आणि बर्नियर तिथे शेजारी बसले आहेत. चांगली संगत आहे. आम्ही आमच्या लहान वर्गांतही बर्नियरचे दोन उतारे वाचून दाखवतो, दाराची धिंड आणि उस्तादाची भेट. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. हे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले का? नसेल तर कोणी सांगितले? आणि त्याने हे लिहिले कोणासाठी? गेल्या वर्षी एका मुलीने चौथा प्रश्न विचारला. मुल्ला सालेह काय म्हणाले, ते कोणी लिहिले नाही का?

बर्नियर 1688 मध्ये पॅरिसला वारला. उस्तादाचा जबाब त्याच्या पुस्तकात नाही. तो द्यायचा राहिला आहे, आणि आता देणारे आम्ही आहोत.